सारख्या बरण्या

होळीनंतर प्रफुल आईला घेऊन आला, तेव्हा पिकअपमध्ये आई पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसली होती आणि मागे तिचा सगळा संसार. तांदळाची पोती, लाखोळीची डाळ, जवस, वाळलेले झिंगे, मोहफुलांचं गाठोडं. हे ठेवायची भांडीही सोबत होती. पत्र्याचे लहानमोठे डबे, एक पोचा आलेला पितळी डबा, दोन मडकी, कडा उडालेली चिनी मातीची बरणी.

"एवढं कुठी ठेवाचं जी?" आचलनं नवऱ्याला हळूच विचारलं.

"आईचं आहे. पाह्यजो तू," प्रफुल म्हणाला आणि पोती उतरवायला लागला.

प्रफुल कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. कारखान्याच्या कॉलनीत त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. त्यातली रांधायची खोली म्हणजे एक ओटा, त्याच्या समोर भिंतीतली एक लांब फळी आणि वर छताखाली सिमेंटचा सज्जा. ओट्यासमोर एक बाई उभी राहिली की दुसरीनं दारातच थांबायचं. आचल, प्रफुल आणि पाच वर्षांची रिंकू यांचं त्यात भागत होतं. आता कुंताबाई आली होती, कायमची. वडशाजवळच्या गावात तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून तिचं घर होतं. सासरे, म्हणजे बापूजी, जाळं टाकायचे आणि ती मासे घेऊन बाजारात बसायची. बापूजी गेल्यावर ती वर्षभर एकटीनं राहिली. मग प्रफुलनंच हट्ट केला.

पहिले आठ-दहा दिवस आचलचा जीव मेटाकुटीला आला. पिठाचा डबा काढायला गेलं की त्याच्यावरचा जवसाचा डबा खाली यायचा. मडक्यांमुळे फळीवर हात फिरवायला जागा नव्हती. ओट्याखाली उंदरानं पोतं कुरतडलं. शेवटी तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. लहान किचनमध्ये जागा कशी काढायची, हे बायका किती छान दाखवत होत्या. बघता बघता तिला त्याचा नादच लागला.

चंद्रपूरला जाऊन तिनं एकाच मापाच्या चौकोनी प्लास्टिकच्या बरण्या आणल्या. गोल डब्यांच्या मधल्या मधल्या जागा फुकट जातात, चौकोनी बरणी एकमेकीला चिकटून बसते, हे तिनं प्रफुलला फळीसमोर उभं करून समजावलं. फळीच्या वर तिनं सुताराकडून दुसरी फळी ठोकून घेतली. दाराच्या आतल्या बाजूला खिळे मारून झारे, सांडशी, किसणी टांगली. रोजचं लागणारं खालच्या फळीवर, हाताच्या उंचीला. आठवड्यातून एकदा लागणारं वरच्या फळीवर. वर्षाचं सगळं सज्ज्यावर. प्रत्येक बरणीवर कागदाची पट्टी, त्यावर नाव, वरून चिकटपट्टी. कुंताबाईची मडकी आणि डबे तिनं पोत्यात भरून मागच्या अंगणात ठेवले. त्यातले काही भंगारवाल्यानं नेले. तिनं तेव्हा सासूला विचारलं होतं. "आई, हे देऊन टाकू का?" कुंताबाईनं एका डब्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दे. जुनेच आहेत."

सगळं झाल्यावर आचल दारात उभी राहून बघत राहिली. ओटा रिकामा, फळ्यांवर काचेसारख्या बरण्यांची रांग, आणि अजून जागा शिल्लक. शेजारची दीपिका बघायला आली आणि "बाप्पा! हे तेच क्वार्टर आहे का?" म्हणाली. मग पलीकडच्या लाईनमधल्या बायकाही आल्या. आचलचं कोणी असं कौतुक कधी केलं नव्हतं. शाळेत ती मधल्या बाकावरची, लग्नानंतर घरातलीच. त्या आठवड्यात ती कामं करता करता गुणगुणत होती.

कुंताबाई मात्र स्वयंपाकघरात आली की फळीसमोर थांबायची. बरण्यांच्या झाकणांवरून बोटं फिरवायची.

"मीठ कोणतं व माय?"

"लिवलं आहे ना, आई. डावीकडून दुसरी."

"हो हो. दिसलं."

दुसऱ्या दिवशी हळद. मग पुन्हा मीठ. आचल एकदा कंटाळून म्हणाली, "तुमी चौथी शिकल्या ना? नाव वाचाचं फक्त." कुंताबाई हसली. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. पहिली साखर, दुसरी मीठ, तिसरी हळद, असं ती मनातल्या मनात म्हणत असावी, कारण बरणी घेण्याआधी तिचे ओठ हलायचे. आचलला वाटलं, सासू नामस्मरण करते.

मे महिन्यात आचलनं गावाहून आलेल्या तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवली, किडे होऊ नयेत म्हणून सगळेच चोळतात तशी. पोती सज्ज्यावर चढवली. उरलेल्या पावडरीचं पाकीट फाटलं होतं. सांडून जाईल म्हणून तिनं ती एका रिकाम्या बरणीत ओतली. त्याच सकाळी तिनं साखरेची बरणी उचलून गॅसजवळ ठेवली होती, चहाला बरं पडतं म्हणून. मीठ सरकून पहिल्या जागी गेलं होतं आणि त्याच्या शेजारी बरणीभर जागा मोकळी होती. पावडरीची बरणी तिनं तिथे ठेवली. चिकटपट्टी संपली होती. संध्याकाळी आणू, नाव लिहू आणि वर ठेवून देऊ, असं तिच्या मनात होतं.

संध्याकाळी पट्टी आणायची राहून गेली.

पुढचा दिवस रविवार होता. प्रफुलनं गडचांदूरच्या बाजारातून मरळ आणली. मरळ म्हणजे कुंताबाईचा हात. या माशाला बारीक काटे नसतात म्हणून रिंकूलाही तो आवडायचा. आचलला दीपिकानं बोलावलं होतं. तिच्या स्वयंपाकघराची तशीच मांडणी करून द्यायची होती. "आई, मासे तुमी रांधाल ना?" असं विचारून ती आनंदानं गेली. दुपारभर दीपिकाच्या फळ्या मोजत, डबे काढत-घालत बसली. तिथेच पोहे खाल्ले.

घरी आली तेव्हा सगळ्यांची जेवणं झाली होती. कुंताबाई भिंतीला टेकून बसली होती, जरा पडलेल्या चेहऱ्यानं.

"काय झालं, आई?"

"रश्श्याले मीठच नाई लागलं. एकदा टाकलं, दोनदा टाकलं, तिसऱ्यानं टाकलं. जीभ मेली वाट्टे माझी. मी नुसता भातच खाल्ला. प्रफुलनं लोणचं घेऊन खाल्लं बिचाऱ्यानं."

"रिंकूनं खाल्लं?"

"तिनं तं दोनदा मागून घेतलं."

आचलनं तेव्हा फार विचार केला नाही. चार वाजता रिंकूनं पहिली उलटी केली. मग दुसरी. मग उलट्या थांबेचनात आणि जुलाबही सुरू झाले. प्रफुललाही मळमळत होतं. तरी त्यानं मोटारसायकल काढली. मध्ये रिंकू आणि मागे आचल, अशी ती गडचांदूरच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मासे शिळे असतील म्हणाले. रिंकूचे ओठ कोरडे पडले होते. ती डोळे उघडायची, आईकडे बघायची आणि परत मिटायची.

रात्रभर ठेवावं लागेल म्हटल्यावर प्रफुलनं आचलला कपडे आणायला घरी पाठवलं. दीपिकाच्या नवऱ्यानं तिला सोडलं.

कुंताबाई अंगणात बसली होती. "कशी आहे पोरगी?" तिनं उभं राहून विचारलं. "बरी आहे," म्हणून आचल आत गेली. आणि स्वयंपाकघराच्या दारात तिचे पाय थांबले. ओट्यावर, गॅसच्या बाजूला, नाव नसलेली बरणी होती. झाकण उघडं. आत चमचा.

तिला सगळं एकदम कळलं. फळीवर मिठाची बरणी पहिल्या जागी जशीच्या तशी होती, नावाची पट्टी समोर करून. आचलनं ती पावडर मोरीत ओतली, वर बादलीभर पाणी टाकलं, बरणी घासली आणि पालथी घातली. सगळं भराभर झालं. मग कपड्यांची पिशवी घेऊन ती तशीच निघाली.

डॉक्टरांना मात्र तिनं सांगितलं. तेवढं तिच्यात उरलं होतं. प्रफुल बाहेर बाकावर होता. ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "डॉक्टर, आजीनं चुकून मिठाच्या जागी बोरिक पावडर टाकली रश्श्यात. तांदळाची."

डॉक्टर उठूनच उभे राहिले. किती टाकली, रिंकूनं किती खाल्लं, सगळं विचारलं. नर्सला हाका मारल्या. मग ते बाहेर आले आणि प्रफुलला म्हणाले, "बरं झालं, मॅडमनी लवकर सांगितलं. आजीकडे लक्ष ठेवत जा. या वयात असं होतं. उद्या गॅस सुरू ठेवतील."

प्रफुल आचलकडे वळला. "बोरिक? ते तं सज्ज्यावर राह्यते ना?"

तिनं तोंड उघडलं. आत रिंकू कण्हत होती.

"हो," आचल म्हणाली.

"मंग आई वर चढली का? स्टुलावर?"

ती कपड्यांची पिशवी उघडून बसली. प्रफुलनं कपाळावर हात मारला आणि बाकावर बसला. "बापूजी गेले तवापासून तिचं डोकं ठिकाणावर नाई," तो स्वतःशीच म्हणाला.

रिंकू वाचली. दोन दिवसांनी तिनं बिस्कीट मागितलं, तेव्हा आचल पलंगाच्या कडेला बसून हुंदके देऊन रडली. नर्स म्हणाली, "आता काऊन रडता, ताई? पोरगी बरी झाली ना."

घरी आल्यावर प्रफुल आईला काही वेडंवाकडं बोलला नाही. त्यानं फक्त सांगितलं, "आई, आता तू रांधू नको. गॅसजवळ जाऊ नको." कुंताबाईनं मान हलवली. तिला समजलं होतं तेवढंच, की आपण रश्श्यात विष टाकलं. कुठून घेतलं, कसं घेतलं, हे ती आठवून आठवून थकली होती. "मी तं मिठाचीच बरणी घेतली होती, बाबू," ती एकदाच म्हणाली. प्रफुल गप्प बसला. आचल मोरीवर भांडी घासत होती. तिनं नळ अजून मोठा सोडला.

त्यानंतर रिंकू आजीच्या मांडीवर बसायला गेली की कुंताबाई तिला हळूच बाजूला सारायची. दिवसभर अंगणात बसून राहायची. एक दिवस म्हणाली, "प्रफुल, मले गावले नेऊन दे."

त्यानंही फार आग्रह केला नाही. आचलनं तर मुळीच नाही. निघताना तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा कुंताबाईनं तिच्या डोक्यावर ठेवलेला हात आधी खांद्यावर पडला आणि मग चाचपडत वर गेला. "पोरीले सांभाळ," ती म्हणाली. "मी आली आन् तुमच्या घरात घात झाला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हाही धावत जाऊन थांबवता आली असती. आचल फाटकाला धरून उभी राहिली.

मग स्वयंपाकघरात उभं राहणं तिला जड जायला लागलं. बरण्या तशाच चकचकीत रांगेत होत्या. चिकटपट्टी आणून तिनं राहिलेली नावंसुद्धा लिहून टाकली होती, पण ती वाचायला नको वाटायची. भाजीला मीठ टाकताना ती आधी जिभेवर कण ठेवून बघायची, प्रत्येक वेळी. कॉलनीतल्या एका बाईनं विचारलं, "ताई, माझं किचन लावून द्याल का?" तर तिनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं. दीपिका सगळीकडे म्हातारीची गोष्ट सांगत होती. "सासूनं विष घातलं होतं बाई, पण हिनं वेळेवर ओळखलं." आचल ते ऐकायची आणि घरात निघून यायची. प्रफुल रात्री आईला फोन करायचा, लहान मुलाशी बोलावं तसा मोठ्यानं, तुकड्या तुकड्यानं बोलायचा. "जेवली का? काय खाल्लं? आठवते का, आज वार कोणता?" त्यानं फोन हातात दिलाच तर आचल "जेवल्या का, आई?" एवढं विचारायची, नाहीतर दुसऱ्या खोलीत जायची. रोज ठरवायची, आज सांगू. मग तो फोन ठेवून म्हणायचा, "तू होती म्हणून पोरगी वाचली," आणि तिच्या तोंडातून शब्द निघायचा नाही.

धानाच्या रोवणीचे दिवस संपत आले तेव्हा दुपारी तिच्या मोबाईलवर पत्रूकाकांचा फोन आला. पत्रू म्हणजे बापूजींचा धाकटा भाऊ. तो अजून तलावात जाळं टाकायचा आणि वहिनीच्या घराशेजारीच राहायचा.

"सूनबाई, प्रफुल फोन नाई उचलून राह्यला. वहिनी पाळीवरून घसरली. लागलं नाई जास्त, पाय मुरगळला. पण मी काय म्हणतो, तिच्या डोळ्याचं पाहा ना आता."

"डोळ्याचं काय, काका?"

"तुमाले माहीत नाई? तिले दिसतेच कुठी? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मानसं आवाजावरून वळखते. दोन वर्षं झाली असतील. घरात सारं हाताच्या अंदाजानं चालाचं तिचं, कोणतं मडकं, कोणता डबा, बोट लावून सांगे. आता तं तेही सोडलं. रांधत नाई. माझ्या हातात विष आहे म्हणते. माझ्या घरून ताट जाते तवा जेवते."

आचल मोबाईल कानाला लावून फळीसमोर उभी होती. डावीकडून दुसरी. तिनंच सांगितलं होतं. म्हणून तर म्हातारीचे ओठ हलायचे. तिनं आठवून आठवून पाठ केलेली एकुलती एक वाट आचलनं एका सकाळी बदलली होती आणि सांगितलंही नव्हतं. तिला वाटत आलं होतं की आपली चूक एका बरणीची. आता ती बघत राहिली, एकसारख्या बरण्यांची ती आख्खी रांग, आणि भंगारात गेलेले ते पोचे आलेले डबे.

"हॅलो? सूनबाई?"

"मी येतो, काका," आचल म्हणाली. "उद्याच येतो."

प्रफुलला तिनं एवढंच सांगितलं, की आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायला हवं, मी घेऊन जाते. त्याला सुट्टी नव्हती. त्याला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी रिंकूला घेऊन ती चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवर गाडीत बसली. खिडकीतून धानाची पाणी भरलेली शेतं मागे जात होती. रिंकू विचारत होती, "आजी मले मासे देईन?" आचल काय बोलायचं ते मनात जुळवत होती. नागभीड गेलं, ब्रम्हपुरी गेली. जुळवलेलं सगळं परत सुटत होतं.

कुंताबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. घोट्याला हळदीचा लेप. "कोण?" तिनं मान वर केली.

"आजी, मी!" रिंकू धावली. म्हातारीचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. तिनं दोन्ही हात मागे घेतले.

"नको माय, माझ्यापाशी नको. पत्रू, पोरीले तुझ्या घरी ने. काई खाऊ घाल."

पत्रूकाका रिंकूला घेऊन गेले. आचल ओसरीच्या पायरीवर बसली. घरात चूल सारवलेली होती, पण तिच्यात राख नव्हती. तिनं पाणी मागितलं नाही, हालहवाल विचारली नाही. अजून एक क्षण गेला असता तर ती परत गप्प झाली असती.

"आई, तुमी मिठाचीच बरणी घेतली होती."

"काय?"

"डावीकडून दुसरी. मी सांगतली होती तशी. पण त्या दिवशी तिथी मीठ नव्हतं. मी बोरिक ठेवलं होतं, नाव न लिवता. साखर काढून घेतली, मीठ सरकवलं, आन् ते तिथी ठेवलं. तुमची चूक नव्हती. माझी होती."

कुंताबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"तुले कवा माहीत झालं?"

"त्याच दिवशी. कपडे न्यायले आली होती तवा."

आचलला वाटलं होतं, सासू रडेल. नाहीतर म्हणेल, जाऊ दे माय, झालं ते झालं. या दोन्हींची तयारी तिनं केली होती. कुंताबाई काठी घेऊन उभी राहिली. तिचा आवाज बाजारात मासे विकताना लागायचा तसा मोठा होता.

"एवढे महिने मी मले येडी समजली! रोज रातच्याला म्हणो, देवा, माझ्या हातानं पोर मरत होती, तू मले काऊन ठेवलं? माझ्या नातीले मी हात नाई लावला. आन् तुले माहीत होतं? तू फोनवर बोलत होती माझ्याशी. जेवल्या का आई, म्हणत होती!"

"हो."

"चुकून ठेवलं, ते जाऊ दे. बरण्या कोणाच्याही चुकतात. पण तू मले येडी ठरवलं. माझ्या लेकापाशी."

"हो, आई."

"'हो, आई' काय म्हणते! लाव त्याले फोन. माझ्यासमोर लाव."

आचलनं फोन लावला. कुंताबाई उभीच होती, म्हणून तीही उभी राहिली. स्पीकरवर प्रफुलचा आवाज आला, मागे कारखान्याची घरघर. तिनं सगळं सांगितलं, न थांबता. बरणी, मोरीत ओतलेली पावडर, दवाखान्यातलं ते 'हो'. तिचं संपलं तरी पलीकडे फक्त यंत्रांचा आवाज होता.

"प्रफुल?" कुंताबाई म्हणाली.

"ऐकून राह्यलो." मग तो म्हणाला, "मी विचारलं होतं तुले, आचल. तोंडावर विचारलं होतं."

"तिले विचारलं," कुंताबाई म्हणाली. "मले विचारलं का? मी सांगतलं, मिठाचीच बरणी घेतली. तू काय केलं? गप्प बसला. मले सांगाले तोंड नव्हतं का रे? वार कोणता, हे विचारे तू मले रोज. डोळ्यानं दिसते का, हे नाई विचारलं एकदाही."

"तू तरी सांगाचं होतं ना, आई."

"काय सांगू? आंधळी झाली म्हनून सांगू? मंग म्हातारीले एका कोपऱ्यात बसवलं असतं." तिनं काठी जमिनीवर टेकवली. "बसवलंच, नाई तरी."

फोन तिकडून बंद झाला की तुटला, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं प्रफुल आला, सुट्टी न घेताच. दाढी वाढलेली, डबा तसाच हातात. तो आचलशी बोलला नाही. आईच्या पायाजवळ जमिनीवर बसला आणि तिच्या सुजलेल्या घोट्यावर हात ठेवून खाली बघत राहिला. कुंताबाईनं त्याला उठवलं नाही की जवळ घेतलं नाही. ती पत्रूच्या घराकडे तोंड करून ओरडली, "पत्रू, काड्या पाठव जराशा. चूल पेटवाची आहे." आणि मग, "रिंकू कुठी आहे? तिले आण इकडे."

त्या दिवशी तिनं भात आणि चुनाचं, म्हणजे बेसनाचं, पातळ रांधलं, हातानं चाचपत, एकटीनं. आचल उठून मदतीला गेली तर म्हणाली, "तू बस." सगळे जेवले. रिंकू आजीच्या मांडीवर बसून जेवली. प्रफुल आणि आचल एकाच ओळीत बसले होते, पण त्यानं भाताचं भांडं तिच्याकडे सरकवलं ते न बघता.

पुढच्या आठवड्यात ब्रम्हपुरीला कुंताबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसरा महिन्याभरानं करू, असं डॉक्टर म्हणाले. प्रफुल रिंकूला घेऊन कोरपन्याला परत गेला, शाळा होती. जाताना स्टेशनवर त्यानं आचलला विचारलं, "तू कवा येशील?" तिनं म्हटलं, "आई म्हणतील तवा." तो म्हणाला, "ठीक आहे." गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून हात केला, पण तो रिंकूनं धरून हलवलेला होता की त्याचा त्यानं, ते आचलला नीट दिसलं नाही.

कुंताबाई क्वार्टरवर परत यायला तयार नव्हती. "या घरात मले सारं सापडते," ती म्हणाली, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. आचल तिथेच राहिली. आपल्याला राहू देतात की राहायला लावतात, हे तिला कळत नव्हतं, आणि तिनं विचारलंही नाही. ती पाणी भरायची, अंगण झाडायची, पत्रूकाकांच्या बायकोबरोबर बाजारात जायची. गावातल्या बायकांना कुंताबाईनं काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. त्या आचलशी नीट बोलायच्या, पण आल्या की कुंताबाईच्या शेजारी बसायच्या.

दिवसातून कितीतरी वेळा डोळ्यात औषध टाकायचं होतं. कुंताबाई काळा चष्मा काढून खाटेवर आडवी व्हायची आणि आचल वाकून तिची पापणी बोटानं उघडी धरायची. एवढ्या जवळून तिनं सासूचा चेहरा कधी पाहिला नव्हता. ऑपरेशन झालेला डोळा लालसर, पाणावलेला, आणि तिच्याकडेच बघत असलेला.

एकदा त्या डोळ्यानं बराच वेळ तिला न्याहाळलं.

"तू वाळली लय," कुंताबाई म्हणाली.

आचलनं बाटली तिरपी धरली, पण थेंब पाडला नाही.

"टाक लवकर. डोळा चुरचुरते."

थेंब पडला तशी म्हातारीनं तिचं मनगट घट्ट धरलं. औषध डोळ्यात मुरेपर्यंत ती धरून राहिली. मग सोडून दिलं, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.